तातेरावांचा अर्धा राहिलेला चहा

जवळा बाजाराच्या आसपासच्या वीस-पंचवीस गावांत एखादी पोरगी बारावी पास झाली, किंवा एखाद्या पोराने नोकरीचा नुसता अर्ज भरला, तरी आठ दिवसांच्या आत त्या घरासमोर एक काळी मोटारसायकल येऊन थांबते. तिच्यावरून आधी एक पोट उतरतं आणि मग तातेराव. पांढरा शर्ट, वरच्या खिशात घड्या घातलेले बायोडाटे, त्यामुळे छातीची डावी बाजू कायम फुगलेली. सोयरिकी जुळवणं हा तातेरावांचा धंदा नाही, कारण ते त्याचे पैसे घेत नाहीत. टॉवेल, टोपी आणि पहिल्या पंगतीतलं ताट एवढ्यावर त्यांनी दोनशे अकरा लग्नं जमवली. त्यांच्या बायकोच्या, नर्मदाबाईंच्या हिशेबाने हा आकडा एकशे शहाण्णव आहे. मधल्या पंधरा जोडप्यांचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत आहे, आणि तातेरावांना तेवढी चौकशी करायला सवड नसते.

माणूस मोठा रसाळ. त्यांच्या हातून लिहिलेल्या बायोडाट्यात पाच एकर कोरडवाहू जमीन ‘पाच एकर, विहिरीलगत’ अशी होते. विहीर शेजाऱ्याची असते, पण लगत असते हे खरंच. दोनदा नापास झालेला पोरगा ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’ करत असतो. लग्नाच्या दिवशी माईकही त्यांच्याच हातात. अक्षता पडेपर्यंत आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, गाव आणि हुद्दा ते असा काही पुकारतात, की सोसायटीच्या चेअरमनला स्वतःविषयी नव्याने आदर वाटायला लागतो.

आता चहाचं. लग्नसराईत तातेरावांचे रोज चौदा ते अठरा कप होतात. आणि आपल्याकडे पाहुण्याच्या चहात साखर किती घालतात ते सांगायला नको. साखर कमी पडली तर घराची अब्रू कमी पडते. काही घरांत तर चमचा उभाच राहतो. मध्यस्थाने चहा नाकारणं म्हणजे घर नाकारणं. त्यामुळे तातेरावांनी आजवर एकही कप नाकारला नाही. अर्धा मात्र ठेवला.

ही अर्ध्या कपाची युक्ती त्यांचीच. वीसेक वर्षांमागे एका घरी पोरगी बघायला गेल्यावर काही भानगड त्यांच्या ध्यानात आली. चारचौघांत बोलणार कसं? त्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि कप जरा जोरात खाली टेकवला. पोराचा चुलता हुशार होता. तो समजला आणि उठताना म्हणाला, ‘कळवतो.’ तेव्हापासून हा कायदाच होऊन बसला. पोराकडच्या मोठ्या माणसांना तो पाठ असे. तातेरावांनी कप रिकामा केला की सुपारी फोडायची, अर्धा ठेवला की ‘कळवतो’. पोरीकडच्यांना हे ठाऊक नसे. ते बिचारे आठ-आठ दिवस फोनकडे बघत बसत.

अशा या माणसाचा उजव्या पायाचा अंगठा गेल्या दिवाळीनंतर सुजला. एका लग्नात, ऐन मंगलाष्टकांच्या वेळी. सकाळी बरा होता, दुपारी टमाट्यासारखा लाल. चप्पल जाईना. वाऱ्याची झुळूक लागली तरी कळ मस्तकात जायची. तातेराव सगळ्यांना सांगत सुटले, “ठेच लागली.” पंधरा दिवसांनी परत ठेच. महिन्याने परत. एकाच माणसाच्या एकाच अंगठ्यावर इतका लोभ असलेला दगड हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल.

औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याने दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि वर सल्लाही दिला, “मामा, हे युरिक ॲसिड असंल. डाळ बंद करा.” झालं. घरच्या शेतातली तूर, नर्मदाबाईंच्या हातचं वरण, पिठलं, सगळं बंद. भाकरीबरोबर काय खायचं? मग भाकरीही कमी झाली आणि तिच्या जागी चहा-टोस्ट आले. वारंगा फाट्यावर गेले की उसाचा रस दोन ग्लास, कधी थंड्याची बाटली. नर्मदाबाई म्हणाल्या, “आवं, एवढं गोड काहून पेऊन राहिले?”

“रसात कुठं डाळ असती?” तातेराव म्हणाले. “मी पथ्य बराबर पाळून राहिलो.”

पथ्य पाळता पाळता पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. गोळ्या मात्र रोजच्या झाल्या. सराई होती, पाय दुखतो म्हणून घरी बसणं परवडणारं नव्हतं. आणि कुणाला सांगणं तर त्याहून नाही. त्याचं कारण घरात होतं. त्यांची मुलगी प्रतिक्षा एमए झालेली, आणि वसमतच्या एका चांगल्या घरी तिची बोलणी चालू होती. आता गंमत बघा. कोणत्याही घरात पाय ठेवला की तातेरावांचा पहिला सवाल असे, ‘घरात कोणाला शुगर, बीपी?’ या एका सवालावर त्यांनी कितीतरी घरं बाजूला काढली होती. बापाला आहे म्हणजे लेकराला होणार, हे त्यांनीच गावोगाव पेरलेलं. आता स्वतःचा अंगठा कोणत्या तोंडाने दाखवणार?

शेवटी प्रतिक्षानेच त्यांना हिंगोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मिना, म्हणजे तांड्यावरच्या भावसिंगची लेक. भावसिंगला तातेराव तीस वर्षं ओळखत होते, त्यामुळे ते आणखी घाबरले. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासायला पाठवलं. लॅबमध्ये तोंडाला मास्क लावलेली एक पोरगी होती. तातेरावांना सुईची भयंकर भीती. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, ती “मूठ आवळा काका” म्हणाली तेव्हा त्यांनी डोळेसुद्धा आवळले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन ते डॉक्टरांसमोर बसले.

“मामा, डाळ कोणी बंद केली तुमची?”

“सगळ्यांनीच सांगितलं की.”

“अन् साखर चालू ठेवा म्हणून कोणी सांगितलं?”

डॉक्टरांनी रिपोर्टवर पेनाने एकेक आकड्याखाली रेघ मारली. युरिक ॲसिड नऊ पॉइंट दोन, सातच्या आत पाहिजे. रक्तातली चरबी दुपटीच्या वर. उपाशीपोटीची साखर एकशे एकोणीस, म्हणजे उंबऱ्यावर उभी. बीपी दीडशे. कमरेचा घेर त्रेचाळीस इंच.

“माझा फक्त अंगठा दुखतो, बाई.”

“अंगठा बोलला म्हणून बाकीचे सापडले. मामा, तुमी सोयरिकी जुळवता ना? ही एक तुमी न जुळवता जुळलेली हाय. पोट, साखर, बीपी, चरबी अन् हे युरिक ॲसिड, सगळे एकमेकांचे सोयरे. साखर पोटात गेली की तिचा अर्धा वाटा लिव्हर मोडतं, त्यातनं युरिक ॲसिड तयार होतं. अन् पोट सुटलं की शरीरात इन्सुलिन वाढतं. ते किडनीला म्हणतं, हे बाहेर टाकू नको, ठेव. म्हणजे आवक वाढली अन् जावक बंद. ह्यात नवरदेव कोण अन् वऱ्हाडी कोण, यावर मोठाले डॉक्टर अजून भांडून राहिले. पण वरात एकच हाय.”

“मग डाळ?”

“डाळ बिचारी कुठल्या कुठं राहिली. ती खा. मटणाची कलेजी अन् भेजा नको, दारू तुमी घेत नाही. दिवसाला अठरा कप गोड चहा अन् उसाचा रस, तो बंद. पाणी भरपूर प्या, रोज चाला, वजन हळूहळू उतरवा. उपास धरून एकदम नको.” मग शेवटच्या आकड्यावर त्यांनी पेन टेकवलं. “भीती मला ह्याची वाटते. क्रिएटिनिन. एक पॉइंट सहा. तुमची किडनी दमली. आधीच तिच्यावर भार, त्यात तुमी तीन महिने दुखण्याच्या गोळ्या रोज खाल्ल्या. आजपासून ती गोळी बंद. सुजेची मी दुसरी देते. दोन महिन्यांनी परत रक्त बघू. तवा कळंल, मागं फिरलंय का पुढंच चाललंय.”

“अन् पुढंच चाललं असंल तर?”

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. “चहा दोन कप. बिनसाखरेचा मागा.”

“बिनसाखरेचा मागितला तर लोकं इचारतील, काहून म्हणून.”

“मग सांगा. तुमी साऱ्या जिल्ह्याचे आजार इचारत फिरता.”

प्रतिक्षा बाजूला बसली होती. ती खाली बघून हसली. तातेरावांना मात्र हसू आलं नाही. परतीच्या वाटेवर ते मोटारसायकल चालवत नव्हते, मोटारसायकलच त्यांना घरी घेऊन आली.

हे झालं शुक्रवारी. रविवारी औंढ्याकडच्या एका गावी बालाजीच्या घरी त्याची पोरगी बघायचा कार्यक्रम होता. पोरगी साधना, डीएमएलटी झालेली, हिंगोलीला लॅबमध्ये नोकरीला. पोरगा विजयकुमार, वारंगा फाट्यावर ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान. त्याचे वडील व्यंकटराव म्हणजे बारा एकर ओलिताची जमीन, पांढरी जीप आणि तातेरावांच्या शब्दावर गाढ विश्वास. दोन्ही घरांची मनं आधीच जुळली होती. नुसतं बघणं बाकी होतं.

साधना डोक्यावर पदर घेऊन चहाचा ट्रे घेऊन आली. तातेरावांनी वर बघून “बस बाई” म्हटलं. तिने एकदा त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, पण पोरी घाबरल्या की कुठेही बघतात. चहा घट्ट, वेलदोडा घातलेला, कडेपर्यंत भरलेला. तातेरावांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तो एक पॉइंट सहा येऊन उभा राहिला. दमलेली किडनी म्हणजे नेमकं काय दमत असेल, या विचारात त्यांनी कप खाली ठेवला. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा तातेरावांनी खरं पथ्य पाळलं होतं.

व्यंकटरावांनी कपाकडे बघितलं. मग तातेरावांकडे. मग उठले. “बरं, कळवतो.”

तातेरावांना समजलं ते जीप गावाबाहेर आल्यावर. व्यंकटराव पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाले, “बरं झालं, टायमावर इशारा दिला. मी तर शब्द देऊन बसलो असतो.”

“आवं नाही, तसं नव्हतं...”

“मग काहून ठेवला?”

जीप खड्ड्यात गेली, वर आली. खरं उत्तर सहा शब्दांचं होतं. पण वसमतचं ते घर, जिथे प्रतिक्षाचं चाललं होतं, ते व्यंकटरावांच्या साडूचं. आज इथे बोललेलं संध्याकाळी तिथे पोचणार. तातेरावांनी खिडकीबाहेर बघितलं. रानात हळद शिजत होती, वाफेने धुरकटलेलं होतं सगळं.

“बघू,” ते म्हणाले.

तातेरावांचं ‘बघू’ म्हणजे व्यंकटरावांना शिक्कामोर्तब वाटलं.

अशी गोष्ट जागेवर थांबत नसते. पंधरा दिवसांत बाजारात साधनाच्या तीन वेगवेगळ्या भानगडी तयार झाल्या. कुणी म्हणालं पाठीवर कोड आहे. कुणी म्हणालं हिंगोलीला एकटी राहते ना, मग. तिसरी तर सांगण्यासारखी नाही. परभणीकडचं एक स्थळ येणार होतं, त्यांनी गाडी अर्ध्या वाटेतून परत नेली. आठवडी बाजारात कापसाच्या वजनकाट्यापाशी एक जण तातेरावांच्या कानाशी लागला, “तुमाला काय दिसलं हो पोरीत?” तातेराव म्हणाले, “काई न्हाई.” तो डोळा मारून म्हणाला, “तुमी मोठ्या मनाचे म्हणून बोलत न्हाई.”

मग एका सकाळी बालाजी स्वतः आला. ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

“तातेरावजी, काय चुकलं ते तेवढं सांगा. घर बरं न्हाई का? संडास तर नवा बांधला. पोरगी जोरात बोलली का? सांगा, म्या सुधरतो.”

तातेरावांनी “चहा घ्या” म्हटलं. बालाजीने सगळा कप संपवला, ‘येतो’ म्हणाला आणि गेला. दारामागे नर्मदाबाई उभ्या होत्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांना नवऱ्याच्या थापांचा वास दुरून येत असे, आणि आज तर तो घरभर होता.

“तुमी त्या दिवशी चहा पथ्यानं ठेवला ना?” त्यांनी सरळच विचारलं.

“व्हय.”

“अन् सांगितलं न्हाई.”

“प्रतिक्षाचं जमून राहिलं, नर्मदा. बापाची किडनी कळली तर...”

“माझं नाव पुढं करू नका, आबा,” आतून प्रतिक्षाचा आवाज आला. ती बाहेर येऊन उभी राहिली. “तिचं मोडून माझं जमवायचं असंल, तर मला ते नको. सांगायला तुमाला लाज वाटते, ती तुमची. माझ्यासाठी म्हणू नका.”

तातेराव दुसऱ्या दिवशी वारंग्याला व्यंकटरावांकडे गेले. सगळं सांगितलं. अंगठा दाखवला. पण नव्या गोळीने सूज पार उतरली होती. अंगठा असा साळसूद, जणू त्याने आयुष्यात कुणाला त्रास दिला नाही. तातेरावांना त्या क्षणी त्याचा जितका राग आला, तितका तो दुखतानाही आला नव्हता. मग त्यांनी रिपोर्ट काढला. व्यंकटरावांनी तो लांब धरून बघितला आणि हसत सुटले.

“तातेराव, बालाजीनं लई गळ घातलेली दिसते. गोष्ट बाकी झकास जुळवली.”

“छापील कागद हाय हो हा!”

“बायोडाटाबी छापीलच असतो की. ती ‘विहिरीलगत’ तुमीच लिहिलेली ना? कपाला कपाळावरचं लिहिणं मानता तुमी, तुमीच सांगितलं व्हतं. आता त्याच्यावर पाणी काहून फिरवून राहिले?”

वीस वर्षं गोड बोललेलं सगळं एकदम अंगावर आलं. ज्या माणसाच्या खोट्यावर जिल्हा डोळे झाकून चालला, त्याचं एक खरं घ्यायला कुणी तयार नव्हतं.

त्याच आठवड्यात जवळा बाजारच्या मंगल कार्यालयात मोठं लग्न होतं. दोन-अडीच हजार माणूस. व्यंकटराव पहिल्या रांगेत. वसमतचे साडू त्यांच्या शेजारी. माईक नेहमीप्रमाणे तातेरावांच्या हातात. त्यांनी माजी सरपंचांचा सत्कार पुकारला, बँकेच्या मॅनेजरचा पुकारला, आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. सगळ्यांना वाटलं, आणखी पाहुण्यांची यादी.

“मंडळी, नवरदेव पारावरून निघालेत, तवर एक सांगतो. माझं युरिक ॲसिड नऊ पॉइंट दोन हाय.”

स्पीकर चांगला होता. स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा बाहेर आल्या. कुणी म्हणालं, “काय मागून राहिले? ॲसिड?” नवरीच्या मामाने तातेरावांचा शर्ट ओढला. तातेरावांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

“साखर उंबऱ्यावर हाय. बीपी हाय. किडनी दमलेली हाय. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी गोड चहा बंद केला. म्हणून बालाजीच्या घरी म्या कप अर्धा ठेवला. पोरीत काई खोट नव्हती. खोट माझ्यात होती, अन् ती सांगायची मला लाज वाटली. दुसरं, माझ्या अर्ध्या कपाचा जो इशारा चालायचा, तो आजपासून बंद. आजपावेतो तो म्या वीस वर्सं चालवला, हेबी सांगतो. पोरीकडच्यांना ते कधी सांगितलं न्हाई.”

जेवढे पोरीचे बाप तिथे बसले होते, तेवढे सगळे मनात मागे मागे जाऊन आपापल्या घरचे कप आठवू लागले. पाचव्या रांगेतून भागवत उठला. डोंगरकड्याकडचा, हडकुळा, कधी आवाज न चढवणारा माणूस.

“तातेराव, आठ वर्सांमागं आमच्या बहिणीच्या टायमाला तुमी अर्धा ठेवला व्हता. तेवढंच सांगा, काय दिसलं व्हतं?”

तातेरावांना ते घर आठवलं. अंगणातलं लिंबाचं झाड आठवलं. पोरगी आठवली, सावळी, नीटस. आणि कप का ठेवला तेही आठवलं. एखादी गोड बात सुचली असती तर त्यांनी सांगितली असती, इतकी सवय जिभेला होती. पण त्यांच्या तोंडून तेच निघालं जे होतं.

“काही न्हाई दिसलं. एसटी निघायची वेळ झाली व्हती. शेवटची गाडी धरायची व्हती.”

भागवत खाली बसला नाही, बाहेर निघून गेला. त्याच्या मागे अजून दोघं गेले. वाजंत्री वाजायला लागली, वरात दारात आली, आणि नवरीच्या मामाने माईक काढून घेतला. त्या दिवशी पाहुण्यांची नावं पुकारायला कुणी नव्हतं. लग्न मात्र लागलं.

पंगतीत तातेरावांच्या शेजारी कुणी बसलं नाही. पण हात धुवायच्या नळापाशी एक गृहस्थ हळूच जवळ आले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, “माझंबी आठ पॉइंट पाच हाय. डाळ बंद करावी लागती का हो?” त्यांच्या मागे अजून एक उभे होते. ते पायातली चप्पल काढून अंगठा दाखवायच्या तयारीत होते. घरोघरी असा एक अंगठा चादरीखाली झाकून ठेवलेला आहे, हे तातेरावांना त्या नळापाशी कळलं. वीस वर्षं ‘कोणाला शुगर, बीपी?’ विचारून जे कळलं नव्हतं ते.

वसमतहून दुसऱ्याच दिवशी फोन आला. प्रतिक्षाचं आत्ता थांबवू म्हणाले. पोराचं अजून शिक्षण व्हायचंय. पोरगा तीन वर्षांपासून नोकरीला होता. नर्मदाबाईंनी फोन ठेवला आणि ज्वारी निवडायला बसल्या. प्रतिक्षा म्हणाली, “आई, बरं झालं आधी कळलं.” आईने मान हलवली, पण त्या दिवशी त्यांनी निवडलेल्या ज्वारीत संध्याकाळी खडे सापडले.

व्यंकटरावांचाही फोन आला. आवाज ओशाळा. “तातेराव, एवढ्या माणसांत किडनी काढून दाखवली तुमी. आता मानावंच लागंल. बालाजीला सांगा, आमी तयार हाव. पुढच्या रविवारी सुपारी फोडू.”

तातेराव त्याच पावली बालाजीच्या घरी गेले. बालाजीने ‘या’ म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. तातेराव ओट्याच्या कडेला टेकले. साधना सुट्टीवर घरी होती. ती बाहेर आली तेव्हा डोक्यावर पदर नव्हता. तातेरावांनी हात जोडले.

“पोरी, माझ्या आजारानं तुझं...”

“मला माहीत व्हतं, काका.”

“काय?”

“तुमी त्या दिवशी घरात आले तवाच वळखलं. गुरुवारी तुमचं रक्त म्याच काढलं व्हतं. तुमी कॅलेंडरकडं बघत व्हते. रिपोर्टबी माझ्याच हातचा. कप अर्धा काहून राहिला, ते मला त्याच टायमाला समजलं व्हतं.”

बालाजी ताडकन उठला. “अगं, मग बोलली काहून न्हाईस? महिनाभर म्या तोंड लपवून फिरून राहिलो! एक शब्द बोलली असती तर...”

“रिपोर्ट काकाचा व्हता, बाबा. माझा न्हाई. म्या घरी येऊन लोकांचे रिपोर्ट सांगायला लागले, तर उद्या त्या खुर्चीवर हात पुढं करून कोण बसंल?”

तातेरावांनी आयुष्यात किती घरांचं काय काय किती जणांना सांगितलं होतं. त्यातलं निम्मं पदरचं घालून.

मग त्यांनी व्यंकटरावांचा निरोप सांगितला. बालाजीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला, महिनाभरात पहिल्यांदा. त्याने लेकीकडे बघितलं. साधना भिंतीला टेकून उभी होती.

“पोरगा वाईट वाटला न्हाई मला,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी त्यानं मला एकबी सवाल केला न्हाई. वडलाच्या तोंडाकडं बघत बसला, अन् वडील कपाकडं. त्यालाच येऊ द्या एकदा. एकट्याला. हिंगोलीला, दुपारच्या सुट्टीत. बोलू. मग बघू. त्याच्याआधी सुपारी न्हाई.”

“अगं, एवढं आलेलं स्थळ...” बालाजी म्हणाला.

“बाबा, मागच्या टायमालाबी आलंच व्हतं.”

मग ती तातेरावांकडे वळली, आणि तिचा आवाज लॅबमधला झाला. “काका, तुमची परत तपासणी पुढच्या महिन्यात हाय ना? उपाशीपोटी या. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर खरं सांगा.”

“न्हाई घेतल्या. आई शपथ.” तातेराव घुटमळले. “ते क्रिएटिनिन... मागं फिरलं असंल का गं?”

“रक्त बघितल्याबिगर म्या काही सांगत न्हाई.”

तातेरावांनी ओट्यावर बसूनच व्यंकटरावांना फोन लावला. स्पीकर चालू केला, बापलेकीला ऐकू जावं म्हणून. साधनाने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. पोरगा एकटा, हिंगोलीला, दुपारच्या सुट्टीत, त्याच्याआधी सुपारी नाही. स्वतःचं एक अक्षर घातलं नाही. ‘पोरगी लाजरी आहे’ म्हटलं नाही, ‘तयारच समजा’ म्हटलं नाही.

पलीकडे दुकानात कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं.

“अन् पोरीला आमचा पोरगा पसंत न्हाई पडला तर?” व्यंकटरावांनी विचारलं.

“तर न्हाई,” तातेराव म्हणाले.

बालाजीने डोळे मिटून घेतले. हातोडा थांबला.

“बरं,” व्यंकटराव शेवटी म्हणाले, “पोराला इचारून बघतो.”

दोनशे अकरा लग्नांत नवरदेवाच्या बापाच्या तोंडून हे वाक्य तातेरावांनी पहिल्यांदाच ऐकलं. फोन खिशात घालून त्यांनी बालाजीकडे एक कप चहा मागितला, बिनसाखरेचा.